उंबरठा नसलेलं माहेर

चंद्रावती लग्न होऊन आमच्या लाटंबार्स्यात आली ती केरीहून. केरी म्हणजे तेरेखोलची खाडी समुद्राला मिळते ते गाव. आमच्याकडे भात आणि काजू. समुद्र बघायचा तर बस बदलत जावं लागतं. मासळी यायची ती सायकलवरून भोंगा वाजवत, दुपार व्हायला आल्यावर. बांगड्यांचे डोळे बघून चंद्रावती तोंड फिरवायची.

"बाई, हे कालचे," ती मला कुंपणावरून सांगायची.

"मग डाळ शिजव. बांगड्यांची शोकसभा नको," मी म्हणायचे. ती हसायची आणि तेच बांगडे घ्यायची.

मी तिची शेजारीण, आता निवृत्त शिक्षिका. तिचा नवरा गोकुळदास माझ्याच शाळेत मराठी शिकवायचा. माणूस सज्जन, पण तोंडातून शब्द गेला की तो परत घेणं त्याला माहीत नाही. तिचा थोरला भाऊ कृष्णनाथ तशाच मातीचा. आईवडील लवकर गेल्यामुळे चंद्रावतीचं माहेर म्हणजे हा एक भाऊ.

दर भाऊबिजेला तो यायचा, ओल्या गोणपाटात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, बांधून. मग बहीणभाऊ मागच्या दारी बसायची. ती आदोळीवर, म्हणजे विळीवर, आणि तो टोपली घेऊन शेजारी. एकेक तिसरी आदोळीच्या पात्यावर उघडायची, रिकामी शिंप टाकायची, मांस चिकटलेली तेवढी ठेवायची. हिलाच एकशिपी म्हणतात. ओलं खोबरं घालून सुकी केली की जेवणारा बोटं चाटत बसतो. मला विचाराल तर या कामाचा कंटाळा येतो. त्या दोघांना यायचा नाही, कारण वर्षभराच्या गप्पा तेवढ्या वेळात व्हायच्या.

मग गोव्यात राजभाषेच्या भांडणाचं वर्ष आलं. कोंकणी की मराठी, हे तेव्हा घराघरात चाललं होतं. गोकुळदास मराठीवाला, कृष्णनाथ कोंकणीवाला. खरं सांगायचं तर दोघेही घरात एकच बोलायचे, अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. त्या भाऊबिजेला मी गोडे पोहे द्यायला गेले होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. कृष्णनाथ पाटावर बसला होता. निरांजन पेटवून तबक हातात घेऊन चंद्रावती उभी.

"भावोजी, आवय तुमकां खंयचे भाशेंत न्हिदयताली?" कृष्णनाथने हसतच विचारलं.

"निजवायची तुमच्याच भाषेत," गोकुळदास म्हणाला, "पण जागं केलं ते मराठीने!"

इथपर्यंत ठीक होतं. मी हसलेसुद्धा. मग आवाज चढले, एकमेकांच्या पुढाऱ्यांची कुळं निघाली, आणि कृष्णनाथ ताडकन पाटावरून उठला. "ह्या घरचें उदक परत घेवचों ना!"

"नका घेऊ! आणि हीसुद्धा तुमच्या घराचा उंबरठा चढणार नाही!"

हिला कोणी विचारलंच नाही. ती तबक घेऊन तशीच उभी. संध्याकाळी मागच्या अंगणात जाऊन तिने चंद्राला ओवाळलं. ज्यांना भाऊ नाही त्या बायका असं करतात. हिला होता.

पुढे कोंकणी राजभाषा झाली, गोवा राज्य झालं, आणि त्या दोन कडव्या भाषाभिमान्यांची नातवंडं इंग्रजी शाळेत गेली. तरी हे दोघे जिथे होते तिथेच. मी गोकुळदासला तोंडावर मूर्ख म्हटलं. चंद्रावतीलाही म्हटलं, "चढ की गाडीत आणि जा सरळ." ती म्हणाली, "बाई, भावाने पाणी सोडलं, नवऱ्याने उंबरठा. मी एकाचं मोडलं तर दुसऱ्याचं तसंच राहतं." दर भाऊबिजेला ती चंद्राला ओवाळायची. ढग असले तर ढगाला.

मग केरीच्या किनाऱ्यावर मासळी महोत्सव सुरू झाला, दरवर्षी दिवाळीला लागून. मी पेपरात वाचलं आणि कुंपणावरून तिला सांगितलं.

"त्याला बोलावणं लागतं?" तिने विचारलं.

"सर्वांचं हार्दिक स्वागत, असं छापलंय."

ती आत गेली, पुन्हा बाहेर आली. "आणि असतो कुठे? मांडवात?"

"मांडवात, वाळूवर. उंबरठा नाही बाई तिथे," मी म्हटलं आणि तडक गोकुळदासपुढे जाऊन उभी राहिले. "मी हिला महोत्सवाला नेते."

त्याने पेपर खाली केला नाही. "महोत्सवाला ना?"

"महोत्सवाला."

त्याने पान उलटलं. मग पेपरामागून आवाज आला, "दर्यावर वारं असतं. शाल घे म्हणावं."

भाऊबिजेच्या दिवशी माझ्या जुन्या गाडीतून निघालो. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं, आणि मांडीवरची पिशवी ती काही केल्या मागे ठेवू देईना. केरीला पोचलो तर कानठळ्या बसवणारे कर्णे, प्लास्टिकच्या खुर्च्या, मंचावर कोणाचं तरी संपता संपत नसलेलं भाषण. तळलेल्या सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, वास मात्र खरा. मी दुकानांच्या पाट्या वाचत होते, तोवर चंद्रावती थांबली होती. तिला भाऊ दिसला होता.

एका दुकानामागे उभा, पार पांढरा झालेला, खांदे उतरलेले. पुढे गिऱ्हाइकांची रांग, मागे टबात तिसऱ्यांचा ढीग, आणि आदोळीवर त्याची सून गौरवी रडकुंडीला आलेली. चंद्रावती मुकाट्याने रांगेत उभी राहिली. पुढे पोचली तेव्हा कृष्णनाथने मान वर न करताच विचारलं, "कितें जाय?" मग मान वर केली, आणि हातातला डाव तसाच राहिला.

आता रडारड होणार म्हणून मी रुमाल काढला. पण चंद्रावती त्याच्या खांद्यावरून मागे, सुनेच्या बोटाकडे बघत होती. "चेडवान बोट कापून घेतलां मरे! उठय तिका आधी!"

आणि टेबलाला वळसा घालून गेली, पदर खोचला, आदोळीवर बसली. खट, खट, शिंपा पडू लागल्या.  कृष्णनाथने डाव माझ्या हातात दिला, "बाई, तुमी वाडात," आणि टोपली घेऊन बहिणीच्या शेजारी बसला. मी पदवीधर बाई, अनोळखी पर्यटकांना तिसऱ्या वाढत उभी! कोणी आणखी रस्सा मागितला की डोळे वटारत होते. मागे काय बोलणं चाललंय ते कर्ण्यांमुळे ऐकू येत नव्हतं. पण चाललं होतं.

सूर्य बुडाला. खाडीच्या तोंडावर नखाएवढी कोर दिसली. "चंद्र दिसता गो," कृष्णनाथ म्हणाला.

"दिसूं दे. आज मी त्याच्याकडे कशाला बघू?"

पिशवीतून तबक, निरांजन, कुंकू निघालं. पाट म्हणून बर्फाची पेटी उपडी घातली. वाऱ्याने ज्योत राहीना, तेव्हा गौरवीने पट्टी बांधलेल्या हाताने टोपाचं झाकण आडवं धरलं. ओवाळून झालं. कृष्णनाथ खिसे चाचपू लागला.

"तें नाका," चंद्रावती म्हणाली. "घरच्या बांयचें उदक दी."

घर तिथून दिसत होतं. माडांमागे कौलं, आणि पायरीवरचा दिवा. "मगे घराच यो. हांगाच तर आसा," तो म्हणाला.

   दिव्याकडे बघतच ती म्हणाली, "तूं पयलीं म्हज्या घरचें उदक घे. मागीर हांव येतां."

 तो उठला आणि वाळू तुडवत घराकडे गेला. बांयचं, म्हणजे विहिरीचं पाणी तांब्यात घेऊन आला. ती उभ्यानेच प्यायली, डोळे त्या दिव्यावर. मग तोंड पुसलं.

"खारट झालंय."

"दर्या भितर सरलो गो," तो ओशाळून म्हणाला. ती तांब्या रिकामा करूनच थांबली.

तेव्हापासून आम्ही दरवर्षी जातो. ती आदोळीवर बसते, मी वाढते. गाडी उभी करताना मात्र ती मला हैराण करते. "थोडी पुढे घ्या बाई, माड आड येतो." कारण घर दिसलं पाहिजे. उंबरठा ती अजून चढलेली नाही. गोकुळदास डब्यातली एकशिपी चाटूनपुसून खातो आणि ती कुठून आली ते विचारत नाही.

यंदा निघताना कृष्णनाथ गाडीच्या खिडकीशी आला. काठी टेकत आला. इकडचं तिकडचं बोलला, आणि मग तिच्याकडे न बघता विचारलं, "लाटंबार्स्याची बस आतां खंयसून सुटता?"

तिने नीट समजावून सांगितलं. दोनदा.  दुसऱ्या दिवशी कुंपणावरून बघते तर ही माळ्यावरचा जुना पाट काढून नारळाच्या काथ्याने खसाखसा घासत होती.

"अगं, पुढच्या भाऊबिजेला वर्ष आहे अजून!" मी म्हटलं.

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि पाट उन्हात उभा करून ठेवला.