दुसरा रकाना

शाळेत सगळे त्यांना ‘खोडरबर सर’ म्हणत, आणि खोडरबराशी एवढं वैर त्या शाळेत दुसऱ्या कोणाचंच नव्हतं. गणिताच्या वहीत खोडलेलं त्यांना चालत नसे. चूक झाली तर तिच्यावर एक आडवी रेघ मारायची, खाली बरोबर लिहायचं आणि चूक तशीच दिसू द्यायची. “पुसून टाकलीस तर उद्या परत तीच करशील,” असं ते एकतीस वर्षं सांगत आले होते. आता निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि ते इतके दमले होते, की हे वाक्यसुद्धा पुष्कळदा अर्ध्यावरच सोडून देत.

दमायला कारण होतं. सरांची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळली होती. नवरा-बायकोंनी रात्री वाटून घेतल्या होत्या. “अहो, आज माझी पाळी आहे, तुम्ही झोपा,” असं बायको दिवसाआड म्हणे. पण आईची हाक आली की दोघंही जागी होत, आणि मग दोघांपैकी एकाचाही डोळा लागत नसे. डॉक्टरांनी सरांच्या सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. “विश्रांती घ्या,” डॉक्टर म्हणाले. ती कुठे मिळते, हे मात्र त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं नाही.

सरांची शिकवायची एक रीत होती. रोजच्या तासाला ते फळ्यावर एक चूक मुद्दाम करत. एकच. ती कधी येणार हे कोणाला ठाऊक नसे, त्यामुळे मधल्या सुट्टीनंतरच्या सुस्तावलेल्या तासालाही मुलं डोळ्यांत तेल घालून फळ्याकडे बघत. ज्याला चूक सापडेल त्याने पुढे यायचं, खडू हातात घ्यायचा आणि चूक का झाली हे वर्गाला पटवून द्यायचं. तोवर सर त्या मुलाच्या जागेवर जाऊन बसत. वर्ग हुज्जत घालायचा, उलटे प्रश्न विचारायचा, आणि सर बाकावरून एक अक्षरही बोलायचे नाहीत. हे सगळं काही ग्रंथ वाचून सुचलेलं नव्हतं. नोकरीच्या सातव्या वर्षी अर्धा वर्ग पेंगताना दिसला आणि त्यांनी वैतागून पाच साते चाळीस लिहिलं, तेव्हापासून ते चालू होतं.

गेल्या वर्षापासून घोटाळा व्हायला लागला. एके दिवशी एका मुलाचा हात वर आला, तेव्हा सरांच्या लक्षात आलं, की आजची चूक आपण अजून केलेलीच नाही. त्यांनी फळ्याकडे वळून पाहिलं. वरच्या ओळीतली वजाबाकीची खूण खाली येताना निसटली होती. “शाब्बास,” सर सवयीने म्हणाले, आणि तो शब्द दिवसभर त्यांना खुपत राहिला. मग हे आठवड्यातून एकदा होऊ लागलं, मग दोनदा. मुलं टाळ्या वाजवत आणि सर गप्प राहत. त्यांना स्वतःची लाज वाटे, पण खरं सांगायला त्यांची जीभ रेटत नसे.

एकदा मात्र कोणाच्याच लक्षात आलं नाही. चुकीचं उत्तर वर्गभर वह्यांत उतरलं, आणि एका मुलाच्या वडिलांनी ती वही मुख्याध्यापिकांच्या टेबलावर आणून ठेवली.

मुख्याध्यापिका सरांपेक्षा वयाने लहान होत्या आणि त्यांना मान देऊन बोलत. “सर, या नववीला दहावीपर्यंत तुम्हीच न्यावं असं मलाही वाटतं,” त्या म्हणाल्या. “पण वर्ष मोठ्या परीक्षेचं आहे. पुढच्या महिन्यात तपासणीला बाई येणार आहेत. हल्ली सगळीकडे विद्यार्थीकेंद्रित शिकवण्याचं चाललंय, त्यांना ते बघायचंय. तुमच्या वर्गात बसतील. त्या काय म्हणतात ते ऐकून दहावी तुमच्याकडे ठेवायची की नव्या सरांकडे द्यायची, ते ठरवते.”

सरांनी बरं म्हटलं. विद्यार्थी केंद्रात असतात हे लोकांना आता कळलं, तर एवढी वर्षं तिथे कोण बसलं होतं, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण बोलायलाही ताकद लागते. आयुष्यातली शेवटची दहावी या मुलांचीच असावी, एवढंच त्यांना हवं होतं. दुसरं काही मागायचं आता राहिलंच नव्हतं.

तपासणीच्या बाई आल्या, त्याच्या आदल्या रात्री आईने सरांना जागवलं होतं. बाई वही उघडून मागच्या बाकावर बसल्या, मुख्याध्यापिका दाराशी उभ्या राहिल्या. सरांनी घरून दोन गणितं ठरवून आणली होती. पहिलं सरळ सोडवायचं, दुसऱ्यात चूक पेरायची. त्यांनी पहिलं लिहिलं:

५क्ष − २(क्ष − ३) = १८

कंस सोडवला, क्ष एका बाजूला आणले, आणि क्ष बरोबर आठ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. उत्तर नीटनेटकं आलं होतं. सर दुसऱ्या गणिताकडे वळणार तोच खिडकीजवळच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. ही मुलगी फारशी बोलत नसे, पण बोलली की खालच्या आवाजात नेमकं बोले.

“सर, पडताळा घेऊन बघू?”

सरांची चूक तर दुसऱ्या गणितात यायची होती. त्यांनी खडू तिच्या हातात दिला आणि रिवाजाप्रमाणे तिच्या जागेवर जाऊन बसले. तिने क्षच्या जागी आठ घातले. पाच आठे चाळीस, त्यातून दोन गुणिले पाच म्हणजे दहा गेले, उरले तीस. अठरा नाहीत. “वजा दोनने वजा तीनला गुणलं की अधिक सहा येतात,” ती वर्गाला सांगू लागली. “इथे वजा सहा आलेत.” कोणीतरी म्हणालं, का अधिक? दुसरं कोणी उठून फळ्याशी गेलं. वादाला तोंड फुटलं, आणि मागच्या बाकावर बाईंचं पेन भराभर चालू लागलं.

सरांसमोर त्या मुलीची वही उघडी पडली होती. शेवटचं पान होतं. त्यावर पट्टीने आखलेला तक्ता होता: तारीख, पाळी कोणाची, आणि पुढे दोन रकाने. पहिल्या रकान्यावर लिहिलं होतं ‘मुद्दाम’. दुसऱ्यावर ‘सर दमलेत’.

सरांनी तक्ता वरपासून वाचला. पहिली तारीख त्या वडिलांनी वही आणून दिली त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती, आणि त्या दिवशी पाळी त्यांच्याच मुलाची होती. त्यानंतर रोज एका बाकाने पहारा दिला होता. पहिल्या रकान्यात रोजची एक खूण होती. दुसऱ्यातल्या खुणा सरांनी मोजायला घेतल्या आणि अर्ध्यावर थांबले, कारण अक्षरं धूसर दिसू लागली होती. आज पाळी खिडकीच्या बाकाची होती.

फळ्यावर क्ष बरोबर चार आलं. बाई खूश होऊन उठल्या. “काय सुरेख चूक पेरलीत! उत्तरही कसं पूर्णांकात येतं, कोणाला शंका येऊ नये असं. ही आधीपासून ठरवलेली होती ना?”

सर उत्तर द्यायच्या आत ज्याच्या वडिलांनी तक्रार केली होती तो मुलगा उभा राहिला. “हो मॅडम. सरांची पद्धतच आहे ती.” त्याने बाईंकडे बघून ठामपणे सांगितलं, आणि त्याचे कान लाल झाले होते. सगळा वर्ग खाली मान घालून बसला.

सरांना वाटलं, आता गप्प बसलं तर दहावी आपली. त्यांनी त्या मुलाच्या कानांकडे पाहिलं. मग ते हळूच उठले.

“नाही,” ते म्हणाले. “ती माझी चूक होती. ठरवलेली पुढच्या गणितात होती.”

बाईंचं पेन थांबलं. मुलीने वजा सहावर आडवी रेघ मारली आणि डस्टरला हातही न लावता जागेवर आली.

संध्याकाळी मुख्याध्यापिकांनी सरांना बोलावलं. बराच वेळ त्या टेबलावरचे कागद सरळ करत बसल्या. “नुसतं हो म्हणाला असतात तर दहावी तुमचीच होती, सर.”

“माहीत होतं,” सर म्हणाले. “पण ते पोर माझ्यासाठी खोटं बोललं. त्याला तसं सोडून कसं जाऊ?”

दहावी नव्या सरांकडे गेली. खोलीबाहेर पडताना सरांना आधी हायसं वाटलं, आणि जिना उतरताना फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दहावीचं वर्गाला सांगितलं. सरांनी खिडकीजवळच्या मुलीकडे वही मागितली, शेवटचं पान उघडलं, आणि दुसऱ्या रकान्यात कालची खूण स्वतःच्या हाताने केली.

“कोणती चूक कुठल्या रकान्यात, हे कळतं कसं तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

“मुद्दाम चुकता तेव्हा लिहून झालं की दोन पावलं मागे सरकता तुम्ही,” ती म्हणाली. “एरवी लिहीतच राहता.”

सरांना हसू आलं. कित्येक दिवसांनी आलं असावं, कारण पुढचे बाक एकमेकांकडे बघू लागले.

“सर, अजून दीड महिना आहे ना नववीचा?” तिने विचारलं. “मग आज गणित आम्ही घालतो. चूकही आम्हीच करतो. तुम्ही बसा.”

सर तिच्या जागेवर बसले. खिडकीतून वारा येत होता. त्या तासाला ते फळ्याकडे एकदाच गेले, तेही मुलांच्या हातातला खडू संपला म्हणून नवा द्यायला.