दिगांबरभाऊंचा तुटता तारा

दर डिसेंबरात उल्कावर्षाव बघायला आम्ही अमरावतीहून भातकुलीकडे नंदूच्या शेतात जातो. तारे दिसतात थोडे, किस्सेच ढीगभर जमतात. आणि खरं सांगू, त्यातल्या बऱ्याच किश्श्यांवर आता हसू येत नाही.

मंडळी चारच. मी, नंदू, पोस्टातून रिटायर झालेले दिगांबरभाऊ आणि त्यांच्या शोभावहिनी. हा नाद लावला भाऊंनी, पण त्यांना स्वतःला तुटता तारा कधी दिसलाच नव्हता!

पहिल्या वर्षी नंदूने रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा बेत केला. वऱ्हाडी माणूस शेतात जाणार आणि रोडगे नाहीत? गोवऱ्यांचा असा धूर झाला की अर्धं आभाळ गायब. भाऊ रोडगे उलटायला वाकले आणि नेमका तेव्हाच मोठा तारा तुटला. आम्ही ओरडलो. भाऊंनी वर पाहिलं तर धूर.
"जाऊ द्या बापा, रोडगा जळून राहिला," म्हणाले.

दुसऱ्या वर्षी नियम झाला, दोघांनी पाहिला तरच तारा धरायचा. कारण नंदू विमानंसुद्धा मोजायचा. त्या रात्री तारा तुटला तेव्हा भाऊ त्याच्याशीच भांडत होते, "अबे ते इमान होय, लाइट लुकलुकून राहिला त्याचा." भांडण जिंकले, तारा गेला.

पुढच्या वर्षी अमावास्येच्या जवळची रात्र, आभाळ काळंभोर. आणि आम्ही कुठे? अकोल्यात, नंदूच्या साडूच्या पोराच्या रिसेप्शनला, प्लेट घेऊन रांगेत. तारे काय, पुढच्या साली पाहू, असं सगळ्यांचंच मत पडलं. ती रात्र अजून डाचते.

कारण नंतरच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं, भाऊंच्या डोळ्यांचा पडदा वाळत चाललाय, येत्या हिवाळ्यानंतर रात्रीचं काही दिसणार नाही. आणि त्या हिवाळ्यात नेमकं टिपूर चांदणं. हरभऱ्याची पानं मोजावीत इतका उजेड.

चौघंही खाटांवर बसलो. कितीतरी वेळ एकही तारा तुटला नाही. "याले आजच कावून यायचं होतं?" नंदू चंद्रावर चिडला. मला फार वाईट वाटत होतं.

शेवटी नंदूला राहवलं नाही. "तुटला! भाऊ, तो पाहा, पिंपळाच्या वरतून!"

मी पिंपळाकडेच बघत होतो. तिथे काहीही नव्हतं. पण नियमाला दुसरा माणूस लागतो, म्हणून म्हणालो, "हो, मीबी पाह्यला."

भाऊ म्हणाले, "मीबी पाह्यला रे. हिरवट होता. मोठा."

नंदूने तोंड फिरवून डोळे पुसले. मग भाऊंचा हात धरून तो बांधावरून गाडीकडे निघाला. मी मागे थांबून वहिनींना म्हणालो, "चला, भाऊंचं समाधान झालं."

वहिनी सतरंजी झटकत होत्या. "भाऊजी, तुमी वर पाहून राहिले होते. मी त्यायच्याकडे पाहत होती. डोळे मिटून होते त्यायचे."