रापणीवर ओढलेला शब्द

मी इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. यापुढे कोणालाही काही शिकवायचे नाही, असे ठरवले होते. किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्या शेजारच्या रापणकराने तो निश्चय मोडला.

त्याची मुलगी अ‍ॅनेस्थीझिऑलॉजिस्ट झाली होती. रविवारी देवळाच्या सभामंडपात तिचा सत्कार होता. मुलगी काय झाली, हे गावाला बापाने सांगायचे होते. मुंबईहून आलेला चुलत भाऊ मात्र त्याला म्हणाला, "तुझी जीब अडाकतली. माइक माझ्याकडे दी."

"मास्तरानू, चेडू माझा. मीच सांगतलंय," रापणकर मला म्हणाला. मी 'भूलतज्ज्ञ' सुचवले. तो शब्द त्याला आखूड वाटला.

मी लांब शब्द फोडून दिला. आरंभीचा तुकडा म्हणजे 'नाही'. आपल्या अनादरातला 'अन्' तसाच. मधला भाग संवेदनेचा. उरले ते शास्त्र आणि ते जाणणारा. अर्थ त्याला तत्काळ कळला. उच्चार 'झि'पाशी बुडत राहिला. आघात 'ऑ'वर आहे, हे मी टेबलावर मूठ आपटून दाखवले. त्यानेही आपटली. चहा सांडला, शब्द आला नाही.

दुसऱ्या सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत होते. जाळे पाण्यात, माणसे दोराला, पुकारा त्याचा.

"अ‍ॅ-ने-स्थी-झि—"

"ऑ!" सगळ्यांनी एकदम दोर ओढला. "लॉजिस्ट" म्हणत पावले मागे गेली. आघात अचूक पडत होता. बांगडाही बरा लागला.

रविवारी तो माइकपुढे उभा राहिला आणि 'झि'पाशी पुन्हा अडला. हातात दोर नव्हता. चुलत भाऊ खुर्चीतून उठू लागला. तेव्हा रापणकराने माइकची वायर दोन्ही हातांनी धरली.

"अ‍ॅ-ने-स्थी-झि—"

मागच्या रांगेत त्याचे सगळे गडी उभे राहिले. "ऑ!"

त्याने वायर ओढली. माइक, सत्काराचा नारळ आणि अध्यक्षांचा चष्मा खाली आला.

"लॉजिस्ट!" तो माइकवाचून, एकट्याने, स्पष्ट म्हणाला. मुलगी हसून हसून वाकली.

पुढे बसलेल्या म्हातारीने विचारले, "म्हणजे ता करता काय रे?"

"माणसांका निजयता, आत्ये."

"मगे तू इतको बोंबलतंस कित्याक?"

चुलत भाऊ ओणवा होऊन चष्मा शोधत होता. रापणकराच्या उच्चारात दोष नव्हता.