काचेवरचं कुंकू

माझा स्वभाव तापट, हे विक्रोळीच्या आमच्या गॅस कारखान्यात सगळ्यांना ठाऊक. लॅबमध्ये मी, नलिनी, एकटी बाई. तापल्याशिवाय कोण ऐकतंय? पण दशरथ परबवर मी कधी आवाज चढवला नाही, एक दिवस सोडला तर.

दशरथ मालवणकडचा. संपात गिरणी गेली म्हणून आमच्या लॅबमध्ये मदतनीस म्हणून टेम्पररी लागला. दिवाळीला त्याची मुदत संपायची. पुढे ठेवायचं की नाही ते साहेब ठरवणार. घरी बायको आणि तीन मुली. बिचाऱ्याचा जीव टांगणीला लागलेला.

आमचा आरगॉन वायू वेल्डिंगला जायचा. त्यात नायट्रोजनची चिमूटभर भेसळ झाली तरी सांध्याला भोकं पडतात. ती पकडायला एक यंत्र होतं. नळीतल्या आरगॉनला विजेचा झटका दिला की तो आपली ऊर्जा नायट्रोजनला देऊन टाकतो आणि नायट्रोजन जांभळा उजळतो. छोट्या काचेतून तेवढाच उजेड मोजून काटा हलतो. दशरथ म्हणायचा, कमावतो एक आणि मिरवतो दुसरा.

त्र्याऐंशीच्या दसऱ्याला झाकणं काढून, पुसूनबिसून यंत्रांची पूजा झाली. दुसऱ्या दिवशी काटा शून्यावर, म्हणजे भेसळ नाही. मी खूश! चाळीस सिलिंडरांच्या शुद्धतेच्या दाखल्यांवर सह्या ठोकल्या. ट्रक भरायला लागला.

दशरथ मात्र यंत्रापाशी घुटमळत राहिला. हा काटा एरवी थोडा तरी थरथरतो, आज मेल्यासारखा का, असं विचारायला लागला. मी खेकसले, "तुला काय कळतं रे त्यातलं?" त्याने निमूट झाकण उघडलं. काचेवर हळदकुंकवाचं ठसठशीत बोट. उजेड येणार कुठून, डोंबल?

पूजा त्यानेच केली होती. पुसून टाक, काहीतरी कारण सांगू, असं मी हळूच म्हटलं. खरं सांगते, त्याच्या नोकरीइतक्याच माझ्या सह्याही मला दिसत होत्या. त्याने आधी धावत जाऊन ट्रक थांबवला, मग साहेबांसमोर उभा राहिला.

"कुकू मियाच लावलंय, सायबानू."

काच पुसून पुन्हा तपासलं, तर चार सिलिंडर भेसळीचे निघाले. साहेबांनी आम्हा दोघांनाही फैलावर घेतलं. जाताना दारात थांबले.

"पुढच्या दसऱ्याला कुंकू टेबलाच्या पायाला लावायचं. कळलं?"

दशरथ मान खाली घालून होय म्हणाला आणि तसाच उभा राहिला.

"अरे येड्या, पुढच्या दसऱ्याला म्हणाले ते," मी म्हटलं.

तेव्हा कुठे तो मटकन स्टुलावर बसला आणि ढसाढसा रडला.