म्हस्कूची खर्चासह जीत

येडगावच्या म्हस्कूला कुणी विचारलं, मेंढरं किती, तर तो निम्मी सांगायचा. बापानेच शिकवलं होतं. खरा आकडा सांगितला की दृष्ट लागते, आणि दृष्ट चुकली तर फॉरेस्टचा गार्ड मागे लागतो. या सवयीने त्याचं जन्मभर भलं केलं. फक्त एकदा सोडून.

ब्याण्णव साली शेजारच्या जालिंदरने नांगरता नांगरता मधला बांध गिळला आणि म्हस्कूच्या रानाची एक पट्टीही. म्हस्कू जुन्नरच्या कोर्टात गेला. वकिलाने विचारलं, दाव्यात जमिनीची किंमत काय धरायची? समोर काळा कोट बघून म्हस्कूच्या अंगात बाप संचारला. त्याने निम्म्याच्याही निम्मी सांगितली. वकील म्हणाला, हुशार आहात, किंमत कमी म्हणजे कोर्टाच्या स्टॅम्पचा खर्चही वाचला. म्हस्कू मिशीला पीळ भरत एसटीत बसला.

मग तारखा सुरू झाल्या. कधी जज्जसाहेब रजेवर, कधी जालिंदरचा वकील कुणाच्या तरी लग्नाला. आपल्या वकिलाची फी तेवढी कधी रजेवर गेली नाही. ती मेंढरांच्या पायांनी चालत जुन्नरला जायची. दावा वयात आला तेव्हा कळप संपला, आणि मेंढरं कोंडायची जाळी, वाघर, खुंटीला लागली. गजराबाई नवऱ्यावर करवादायची. म्हस्कूचं उत्तर ठरलेलं. गावच्या पंचांपुढे जो हरतो तो सगळ्यांच्या जेवणाचा खर्च सोसतो. कोर्ट म्हणजे तर पंचांचा बाप. जिंकलो की वकिलाची फी जालिंदरच्या बोडक्यावर, आणि कळप पुन्हा दारात.

आणि गडी जिंकला की! दोन हजार चार साली निकाल लागला, "दावा खर्चासह मंजूर". म्हस्कूने वाघर खाली काढली, दिवसभर बसून तुटल्या गाठी मारल्या आणि आळीत पेढे वाटले.

पुढे हुकूमनामा हाती आला. वकिलाने खाली बघत समजावलं, की तुम्ही मला काय दिलंत ते सरकार विचारत नाही. फीचा सरकारी तक्ता असतो. दाव्याची किंमत जेवढी, त्या मानाने फी. आणि किंमत तर तुम्हीच सांगितलेली.

ज्यांनी हा तक्ता केला त्यांनी वकील लांबून पाहिले असावेत, त्यांना फी दिलेली नसावी. जेवढ्या पैशांत वकिलाचा कारकून 'बसा' म्हणत नाही, तेवढ्या पैशांत सरकारने म्हस्कूची सगळी वकिली उरकून टाकली होती. खर्चासह न्याय म्हणजे न्याय कोर्टाचा आणि खर्च म्हस्कूचा.

जालिंदरने रक्कम ताबडतोब भरली. हरल्यावर इतका खुललेला माणूस येडगावाने पाहिला नव्हता. देवळापाशी गाठून तो म्हणाला, "म्हस्कूभाऊ, हरलो मी, पन मेंढरं तुजी गेली. आता जपून ऱ्हा राव, पुन्यांदा जिंकू नको."

म्हस्कूने आलेली रक्कम उपरण्यात बांधून ओतूरचा बाजार गाठला. मेंढीच्या किमती ऐकल्या, कोकराच्या ऐकल्या आणि मेंढीच्या गळ्यात बांधायची घंटा घेऊन घरी आला. ती त्याने वाघरीलाच बांधली.

गजराबाईने घंटेकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "आवं, कोरटातनं किती मेंढरं आली म्हनून सांगू लोकास्नी?"

"निम्मी सांग," म्हस्कू म्हणाला.

जन्मात पहिल्यांदाच त्यात खोटं काही नव्हतं.