पळसदेवचा डबा

ऑगस्ट १९९४, मंगळवार. हजर: लासुर्ण्याची, इंदापूरची आणि कळंबची, म्हणजे मी. गैरहजर: पळसदेवची, चौथा दिवस.

माझ्या तेव्हाच्या वहीतली ही नोंद. आम्ही चौघी एकमेकींना गावाच्या नावानंच ओळखायचो आणि रोज एसटीनं बारामतीला कॉलेजात यायचो.

कॉलेजचं विद्यार्थी केंद्र आठकोनी होतं. काळ्या दगडाचं, बैठं. मधली फरशी तीन पायऱ्या खाली, त्यामुळे कुठंही बसलं तरी तोंडं एकमेकांकडेच. एका भिंतीत ढाली आणि करंडक मांडायला कोनाडे ठेवले होते. ढाली फारशा आल्या नाहीत. गावाकडून येणाऱ्या आम्ही मुली त्यात डबे ठेवू लागलो आणि प्रत्येक कोनाड्यावर खडूनं गावाचं नाव पडलं.

जेवायची रीत अशी, की आपला डबा आपण उघडायचा नाही. शेजारच्या कोनाड्यातला घ्यायचा. दर सोमवारी मी नावांचा क्रम बदलायची, म्हणजे कुणाच्या घरचं टाळायची सोय राहू नये. लासुर्ण्याचीच्या घरी आमच्या वस्तीवरचं पाणी चालत नव्हतं. तिच्या वाट्याला माझा डबा पहिल्यांदा आला तेव्हा तिनं भाकरी मोडली, कालवणाला लावली आणि मीठ कमी आहे म्हणाली. ती तक्रार मला अजून प्यारी आहे. पळसदेवचीच्या डब्यात उजनी धरणातली चिलापी मासळी असायची, तव्यावर परतलेली. तो आठवडा यायची मी वाट बघायची.

कोनाडे थोडे, मुली जास्त. म्हणून नियम केला, तोही मीच: तीन दिवस कोनाडा रिकामा राहिला तर तो पुढच्या मुलीला. सगळ्यांनी मान्य केला, पळसदेवचीनंसुद्धा.

त्या मंगळवारी इंदापूरची म्हणाली, थांब की दोन दिवस, तिचे आबा तिला कॉलेजातून काढायचं म्हणताहेत. मी म्हणाले, एकीसाठी मोडला तर नियम कशाला? ओल्या फडक्यानं ‘पळसदेव’ पुसलं आणि दुसरं गाव लिहिलं.

शुक्रवारी ती आली, डबा घेऊन. कोनाड्यांवरची नावं वाचत शेवटपर्यंत गेली आणि डबा हातात तसाच राहिला.

“पुसलंस व्हय गं?”

मी तिला नियम सांगितला.

“न्हाय, बरोबर हाय तुझं,” ती म्हणाली. “मीच आबांस्नी सांगून आले, तितं माझी जागा राखून ठिवलीया म्हणून.”

तिनं डबा पायरीवर ठेवला आणि बाहेर गेली. तासाला गेली असेल असं वाटलं. मधल्या सुट्टीपर्यंत वाट बघितली. मग फाटकावरच्या मामांनी सांगितलं, ती केव्हाच एसटी स्टँडकडे गेली. डबा आम्ही तिघींनी खाल्ला. चिलापी होती. त्या दिवशी मिठाबद्दल कुणी बोललं नाही.

ती परत आली नाही. दिवाळीनंतर तिचं लग्न झाल्याचं कळलं.

मागच्या वर्षी कामानं कॉलेजात गेले होते. कोनाडे प्लायवूडनं बुजवलेत, त्यावर सूचनाफलक आहे. पायऱ्या तशाच. मुली आपापला डबा मांडीवर घेऊन खात होत्या. मी खालच्या पायरीवर बसले ती बसूनच राहिले. पुढची दोन कामं चुकली. माझ्या बाबतीत असं सहसा होत नाही. कुणीतरी कोनाड्यावरून आपलं गाव वाचून हाक मारावी, एवढंच वाटत होतं.

तिचा डबा माझ्याकडे आहे. ती आता इंदापुरात असते, पत्ताही मिळालाय. त्या दिवशी नाव असतं तर राहिली असतीस का, एवढं तिला विचारायचंय, आणि उत्तर ऐकायची तयारी होत नाही. शिवाय डबा रिकामा परत करत नाहीत. काय भरून न्यायचं, हेही ठरत नाही. मासे तिच्याच हातचे चांगले.

दर जानेवारीत नवी वही काढते आणि जुनीतली राहिलेली कामं पहिल्या पानावर उतरवते. गळकी टाकी, चष्मा, सातबारा, सगळं यथावकाश खोडलं जातं. यंदाही पहिली ओळ तीच लिहिली: पळसदेवचा डबा देणे.