बुरुलकान दार का लावून घ्यायची

बुरुलकानचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि माझा बुरुलकानवर नव्हता. एकाच शाळेत, एकाच स्टोव्हशी शेकत आम्ही अशी चौदा वर्षं काढली.

मी काकेन, आमच्या कोक-बेल गावच्या शाळेची उपमुख्याध्यापिका. कोण कसं शिकवतंय यावर नजर ठेवणं हे माझं काम. बुरुलकान लहान मुलांना वाचायला शिकवायची. पहिलीत एक तुकडी हाती घ्यायची, चौथीनंतर सोडायची, की पुन्हा नवी पहिली. उंच, हाडकुळी बाई, डोक्याला कायम तोच करडा रुमाल. दुकानात नान घेतला तर उलटा करून खालून बघणार. डॉक्टरनं गोळी दिली तर ती दुसऱ्या डॉक्टरला दाखवणार. नवरा गेला तेव्हा जनाजाच्या वेळी तिनं मौलवीला विचारलं होतं, दुआ सगळी म्हटलीत, की थंडी आहे म्हणून मधलं गाळलंत? गाव अजून हसतं.

तिची सतरा प्रशिक्षणं झाली होती. दर वर्षा-दोन वर्षांनी राजधानीतून कुणीतरी यायचं, रंगीत कागद चिकटवायला लावायचं, फोटो काढायचं आणि प्रमाणपत्र देऊन जायचं. त्या सतरा प्रमाणपत्रांचा कागद चांगला जाड आहे म्हणून तिनं ती घरच्या फळीवर अंथरली होती, वर बटाटे. सतरांपैकी एकानंही आपल्या वर्गातल्या एका मुलाचं नाव विचारलं नाही, असं ती म्हणायची. दुधानं तोंड पोळलं होतं तिचं, हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटायचं, बाईला मिजास आहे.

माझा संशय मात्र उगाच नव्हता. वर्षातून दोनदा मी वाचनाची परीक्षा घेते. स्टॉपवॉच लावायचं, मूल पाठ्यपुस्तकातलं शिकवून झालेलं एक पान वाचतं, मिनिटाला किती शब्द होतात ते मी वहीत लिहिते. बाकीच्या वर्गांत दोन-चार पोरं तरी अडखळायची. बुरुलकानच्या वर्गात एकही नाही. घोडा उधळावा तशी वाचायची पोरं, श्वास न घेता. आणि रोज वाचनाच्या तासाला ही बाई आतून कडी लावून घ्यायची. मी दाराला कान लावून पाहिला आहे, लाज कसली सांगायला. आतून हसण्याचे आवाज यायचे. दार ठोठावलं की कडी निघायला वेळ लागायचा, आणि उघडेपर्यंत सगळी पोरं हाताची घडी घालून ताठ. कुठंतरी पाणी मुरतंय, हे मी मुख्याध्यापकांना दहादा सांगितलं. ते म्हणायचे, निकाल चांगला आहे ना, मग मुरू दे.

माझी नात बेगीमाय तिच्याच वर्गात होती, दुसरीत. मुलगा आणि सून मॉस्कोला कामाला. पहिलं नातवंड आमच्याकडे आजी-आजोबांचंच असतं, त्यामुळे आठ महिन्यांची असल्यापासून ती माझ्या कुशीत. आईला हाक मारावी तशी मला ‘आपा’ म्हणते. शरदातल्या परीक्षेत ती मिनिटाला एकसष्ट शब्द वाचून गेली. हे मी खाटकापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगितलं होतं. संध्याकाळी चहा झाला की ती पुस्तक घेऊन यायची आणि म्हणायची, आपा, उद्याचं पान तू वाच ना, तुझ्या आवाजात छान वाटतं. मग मी दोनदा-तीनदा वाचायचे. एवढं सुख मला आयुष्यात दुसऱ्या कशात मिळालं नाही.

फेब्रुवारीत नारिन शहरातून पत्र आलं. तिथं भाषा शिकवणाऱ्यांसाठी एक केंद्र निघालं होतं. प्रत्येक तालुक्यातून एक शिक्षिका निवडायची होती. तिनं आठवड्याचे दोन दिवस गावोगावच्या शिक्षकांना वाचन शिकवायचे मार्ग दाखवायचे, केंद्रातलं सगळं साहित्य वापरायचं, आणि तिच्या शाळेला मुलांच्या पुस्तकांची एक पेटी मिळणार. सोबत नमुन्याचं एक पातळ पुस्तक होतं. बैठकीत मी बुरुलकानचं नाव सुचवलं.

ती म्हणाली, “काकेन-एजे, माझं नाव तुमच्या तोंडून निघालं की मला आधी पायाखाली बघावंसं वाटतं.”

सगळे हसले. एजे म्हणजे ताई, पण ती म्हणायची तेव्हा त्यात ताईपण फारसं नसायचं. आणि तिचं बरोबरच होतं. माझा हिशोब सरळ होता. निवड झाली तर शाळेला पेटी मिळते, आणि नाही झाली तर बाहेरचा माणूस वर्गात बसल्यावर बाईंचं बिंग फुटतं. दोन्हीकडून माझाच फायदा.

पण तिला ते काम हवं होतं. तिनं ते नमुन्याचं पुस्तक हुंगलं, उजेडात धरलं, शिवण ओढून पाहिली. मग कोपऱ्यात बसून तीनदा वाचलं. उठताना स्वतःशीच म्हणाली, “अक्षरं मोठी आहेत. ओळींमध्ये जागा सोडली आहे.” इतक्या हळुवारपणे ती बोलते हे मला माहीत नव्हतं. हे काम तिला मिळालं नाही तर पेन्शनपर्यंत दुसरी संधी येणार नव्हती, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

मार्चमध्ये केंद्राची बाई येणार असं ठरलं आणि मला धाकधूक वाटू लागली. बिंग फुटेल तेव्हा शाळेचंही फुटेल, हे माझ्या डोक्यात उशिरा शिरलं. आदल्या दिवशी मी बुरुलकानला एका सहीच्या निमित्तानं तालुक्याला पिटाळलं आणि तिच्या वर्गात गेले. आमच्या काळापासून चालत आलेली युक्ती पोरांना शिकवली. प्रश्न आला की सगळ्यांनी हात वर करायचा, एकही हात खाली नको. उत्तर येतं त्यानं उजवा, येत नाही त्यानं डावा. बाई उजव्यालाच विचारतील. पाहुण्यांना फक्त हातांचं जंगल दिसतं. बुरुलकानला आयत्या वेळी सांगू, समजेल तिला, असं मी ठरवलं. सकाळी सांगायला गेले, तर दाराला कडी.

पाहुणी पेरीझात तिशीची, गालांवर वाऱ्याचे चट्टे, पायात चिखलाचे बूट. चहा घेतला, लोणी लावून नानचा तुकडा खाल्ला आणि सरळ वर्गात येऊन मागच्या बाकावर बसली. मी तिच्याशेजारी. बुरुलकाननं फळ्यावर कुणीच न पाहिलेली चार वाक्यं लिहिली आणि विचारलं, कोण वाचेल?

चोवीस हात वर गेले.

बुरुलकान हात बघत राहिली. मग तिची नजर माझ्यावर येऊन थांबली. संशयी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तिच्या गालफडाचं हाड हललं, एवढंच.

तेवढ्यात पेरीझात उठली आणि मुलांना म्हणाली, “मीही अशाच शाळेत शिकले रे. उजवे हात खाली करा बघू. डावे राहू देत.”

सात डावे हात वर राहिले. पोरं माझ्याकडे बघू लागली, मी खिडकीकडे. पेरीझातनं हळूच मोजले. बुरुलकाननं मुलांना अंगणात खेळायला सोडलं, दार लावलं आणि सवयीनं कडीही घातली.

“सात नाहीत,” ती म्हणाली. “नऊ आहेत. दोघांनी भीतीनं उजवा वर केला.”

आणि मग सगळं बोलली, माझ्याकडे न बघता. परीक्षेचे आकडे खोटे आहेत, नुसते आजचे नाहीत, वर्षानुवर्षांचे. ज्यांना येत नाही त्यांच्याकडून ती ठरलेली पानं पाठ करून घेते. स्टॉपवॉच दिसलं की त्या मुलांचं बोट ओळीवरून घसरतं आणि मग महिनाभर ती पुस्तक उघडत नाहीत. म्हणून परीक्षेपुरतं पाठांतर, आणि कडीच्या आत खरं वाचन. आत चुकायचं, चुकीला सगळ्यांनी हसायचं, चुकणाऱ्यानं आधी हसायचं. तिची वही तिनं पेरीझातपुढे टाकली. प्रत्येक मुलाचं एक पान, कोण कुठल्या अक्षराशी थबकतं, कोण ओळीचा शेवट अंदाजानं म्हणतं, कुणाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला हवं. पेरीझात एकेक पान वाचत होती आणि मी उभी होते.

पेरीझातनं विचारलं, भीतीनं उजवा वर करणारे ते दोघं कोण?

“एक नुरदोलोत, मेंढपाळाचा. दुसरं नाव मी तुम्हाला एकटीला सांगेन.”

बघा, इथंही लपवाछपवी. मला राहवलं नाही. “माझ्यासमोर बोल ना! चौदा वर्षं तेच करत आलीस. आता आणखी काय झाकायचं राहिलंय?”

बुरुलकाननं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत नेहमीचा संशय नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली.

“बेगीमाय,” ती म्हणाली.

मी खोटं म्हणाले. एकसष्ट शब्द म्हणाले. स्टॉपवॉच माझ्या हातात होतं म्हणाले. आणखी काय काय बोलले ते आठवतही नाही. तिनं मला बोलू दिलं, आणि शेवटी एवढंच विचारलं, “रोज संध्याकाळी उद्याचं पान तिला कोण वाचून दाखवतं?”

मी बाकावर बसले. बाक लहान पोरांचा, गुडघे छातीशी आले. माझं पोर रोज माझा आवाज पाठ करत होतं, मला बरं वाटावं म्हणून. बाकीच्या आठांना बुरुलकाननं पढवलं होतं. हिला पढवणारी मीच निघाले.

पेरीझातनं पिशवीतून एक छापील कागद काढला. तालुक्यातल्या अकरा शाळा मी पाहिल्या, ती म्हणाली, अकराही ठिकाणी ‘वाचता न येणारी मुलं’ या रकान्यात शून्य आहे. काम कुणाला द्यायचं ते तिचं ठरलं होतं, पण निवडलेल्या शिक्षिकेच्या वर्गाचा खरा आकडा या कागदावर हवा, आणि खाली उपमुख्याध्यापकांची सही. त्याशिवाय नेमणूक नाही.

“आणि खरा आकडा दिला की तालुक्याहून माणूस येणार, आणि आधीचे आकडे खोटे का म्हणून माझी नोकरी जाणार,” बुरुलकान म्हणाली. “असंच ना?”

“येऊ शकतो, एजे. मी तुमच्या बाजूनं बोलेन, पण काही होणार नाही असं सांगत नाही.”

बुरुलकान तिला बराच वेळ न्याहाळत राहिली. सतरा जणांनंतर अठराव्या वेळी कुणीतरी तिच्याशी गोड बोललं नव्हतं. तिनं मान हलवली, आणि कागद माझ्याकडे सरकला.

पेन हातात घेतलं. दर वर्षी मी याच हातानं शून्य लिहून पाठवत आले होते. तालुक्याचा माणूस आला तर आधी बुरुलकानला विचारेल, मग मला. सही केली नाही तर ती इथंच राहणार, कडी लावून, बटाट्यांखाली प्रमाणपत्रं घालून, आणि पेटी पलीकडच्या गावाला जाणार. माझ्या अंगाला काही लागणार नव्हतं.

“काकेन-एजे,” ती अगदी हळू म्हणाली, “आठ लिहा. बेगीमायचं मी बघून घेईन. जूनपर्यंत वाचेल ती.”

पेरीझात उठून खिडकीपाशी गेली, जणू तिनं ऐकलंच नाही. आणि मला, खोटं कशाला बोलू, त्याही क्षणी संशय आला. ही मला खरंच वाचवतेय की माझ्याच हातानं खोटं लिहून घेऊन मला कायमची मुठीत ठेवतेय? चोराच्या मनात चांदणं. बाहेर पोरांचा गलका चालला होता आणि त्यात बेगीमायचा आवाज मला बरोबर ओळखू येत होता, सगळ्यात मोठा, सगळ्यात खुशीतला.

मी नऊ लिहिलं. सही केली.

बुरुलकाननं कागद उचलला, उजेडात धरला, सही नीट पाहिली, उलटून मागची बाजू कोरी आहे ना याची खात्री केली. मग तो पुन्हा माझ्यापुढे ठेवला आणि आकड्याशेजारच्या रिकाम्या जागेवर बोट टेकवलं.

“अक्षरांतही लिहा, एजे. आकडा कुणीही बदलतं.”

मी अक्षरांत लिहिलं. रडू येत होतं, त्यामुळे एकेक अक्षर जोडून, सावकाश. मिनिटभर तरी लागलं असेल. तिनं घाई केली नाही.